सोनीबाईचं पाणी

"रेवजी पाटलांना बोलाव. पळत जा," शांतीलाल डॉक्टर म्हणाले आणि वहीतल्या नावावर ठेवलेलं बोट त्यांनी तिथेच दाबून धरलं.

सुपडू शिपाई धावत सुटला. टेबलाशी उभ्या असलेल्या पितांबर कंपाउंडरने वहीतल्या त्या नावाकडे पाहिलं. "साहेब..." तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

काही नाही म्हणे! माणूस आयुष्यात हे दोन शब्द हजार वेळा बोलतो आणि हजारात एकदाच ते अंगाशी येतात. पितांबरची ती वेळ आज सकाळी आली होती, आणि हे त्याचं त्याला चांगलं ठाऊक होतं.

टेबलावर सोनीबाई पडली होती. खांडबाऱ्याच्या स्टेशनमागे एका व्यापाऱ्याने बांधून दिलेला तो धर्मादाय दवाखाना, आणि सोनीबाई तिथली सुईण. नवापूरकडच्या डोंगरातली, कोकणी जमातीची बाई, विधवा, चाळिशीच्या आतबाहेरची. काल धानोऱ्याला बाळंतपणाला गेली होती. पोर सुखरूप जन्माला घालून पहाटे बैलगाडीने परत निघाली, तर नाल्याच्या उतारावर गाडी कलंडली आणि लोखंडी धावेचं चाक तिच्या मांडीवरून गेलं. गाडीवानाने धोतर फाडून मांडी आवळली खरी, पण दवाखान्यात पोचेपर्यंत गाडीतला कडबा ओलाचिंब झाला होता. डॉक्टरांनी शीर बांधली, शिरेतून मिठाचं पाणी चढवलं. रक्त थांबलं. पण थांबायला अंगात राहिलं होतंच किती! ओठ पांढरे पडले होते, नाडी बोटाखाली सापडून सापडून हरवत होती.

"मिठाच्या पाण्यावर फार वेळ निघायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन तास. त्याच्या आत रक्त गेलं पाहिजे. बरं झालं बाबा, आपण यादी करून ठेवली."

पितांबरने मान खाली घातली. त्या यादीचीच तर सगळी गोम होती.

यादीची कल्पना डॉक्टरांची. लढाईचे दिवस. सैन्यात माणसाचं रक्त बाटलीत भरून दुसऱ्याला देतात हे ते सुरतेला शिकून आले होते. त्यातच होळीच्या आधी रुळावर काम करणारे दोन गँगमन रक्त न मिळून त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. तेव्हापासून डॉक्टरांनी ध्यासच घेतला. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर टेबल मांडलं, आणि एका उंच काचेच्या नळीत स्वतःचं रक्त काढून, त्यात ते गोठू नये म्हणून औषध घालून, दोन तास सगळ्या बाजाराला दाखवत उभं ठेवलं.

"बघा, रक्त म्हणजे नुसतं तांबडं पाणी नव्हे," ते सांगत होते. "खाली बसलाय तो तांबड्या कणांचा गाळ. ते कण छातीतली हवा अंगभर वाहून नेतात. त्याच्यावर हा सायीएवढा पांढरट थर, तो रोगाशी झुंजतो, जखम बुजवतो. आणि वरचं हे पिवळं पाणी. आता गंमत अशी, की तांबडे कण सगळ्यांचे एका जातीचे नसतात. कोणाचे ए, कोणाचे बी, कोणाचे दोन्ही, कोणाचे दोन्ही नाहीत. आणि ज्याच्यात जे नाही, त्याचा वैरी त्याच्या पिवळ्या पाण्यात बसलेला असतो. ए माणसाच्या अंगात बी रक्त घातलं, की ते पाणी त्या रक्ताच्या गुठळ्या करतं, आणि माणूस कंबर धरून, थंडी वाजून, काळी लघवी करून मरतो. ज्याच्यात दोन्ही नाहीत, तो ओ. त्याचं रक्त कोणालाही चालतं. मला तसली माणसं पाहिजेत."

तपासायची रीत साधी होती. दवाखान्यातच एक ए आणि एक बी माणूस सापडला होता: ए सोनीबाई आणि बी पितांबर. दर पंधरा दिवसांनी दोघांचं थोडं रक्त काढायचं, ते थिजू द्यायचं, वर सुटलेलं पिवळं पाणी दोन बाटल्यांत भरायचं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या माठात ठेवायचं. एक पितांबरचं पाणी, एक सोनीबाईचं. मग पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर दोन्हीचे दोन थेंब ठेवून त्यात समोरच्या माणसाचं रक्त ढवळायचं. पितांबरच्या पाण्यात रक्त फुटून रवा पडला तर माणूस ए, सोनीबाईच्या पाण्यात पडला तर बी, दोन्हींत पडला तर एबी. डॉक्टरांचं स्वतःचं दोन्हींत फुटायचं. "मी नुसता घेणारा, देणारा नाही," असं म्हणून ते हसायचे. आणि कुठेच काही झालं नाही, तर तो ओ.

पण बाजाराने यातलं एवढंच पाहिलं, की एकाचं रक्त साफ राहतं आणि दुसऱ्याचं नासक्या दुधासारखं फाटतं.

झालं! आठवड्याच्या आत पंचक्रोशीत झालं, की ज्याचं रक्त फाटतं त्याच्या कुळात खोट. कोणाची आजी कुठली, कोणाच्या पणज्याने काय केलं, सगळं उकरून निघालं. डॉक्टर घसा फोडून सांगत होते, की अरे बाबांनो, माझंही फाटतं. लोक म्हणत, डॉक्टर परगावचा, त्याचं आपल्याला काय ठाऊक! मग ज्यांचं फाटलं त्यांची नावं वहीत लिहायचीच नाहीत असं डॉक्टरांनी ठरवलं. लोकांचे रुसवे नकोत म्हणून. कोणाचं कोणत्या पाण्यात फाटलं, हेही त्यामुळे कुठे लिहिलेलं राहिलं नाही.

रेवजी पाटलांचं फाटलं होतं. सोनीबाईच्या पाण्यात, भर बाजारात. मोठा शेतकरी, तापीकाठच्या गुजरांतला, घरात मीना नावाची लग्नाची मुलगी, आणि कळसाडीच्या रतिलालच्या घरी तिचं जमत आलेलं. रतिलालचा निरोप आला, की जरा थांबू या.

आठ दिवसांनी दुपारी रेवजी एकटाच दवाखान्यात आला. डोक्यावरचा फेटा काढून त्याने मांडीवर ठेवला. पितांबरने त्या माणसाला उघड्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं.

"पितांबरभाऊ, परत एकदाव देख. चार मान्सेसमोर देख," रेवजी म्हणाला. "मन्ही आंडेरनं, मीनानं, लगीन मोडी जाई. ती काल्हदिनथून जेवनी नही."

"पाटील, देखीसन काय व्हई? जे शे तेच दखाई."

"तू देख तं खरं," रेवजी म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

पितांबर मऊ मनाचा माणूस. स्वतःच्या दोन बहिणींची लग्नं त्याने जिवाचा आटापिटा करून लावली होती. खिडकीत सोनीबाईच्या पाण्याची एक जुनी बाटली होती, महिनाभर उन्हात तापलेली, फेकायची राहून गेलेली. असल्या पाण्यात दम उरत नाही, हे त्याला डॉक्टरांनी शिकवलं होतं. येत्या बाजारी त्याने तीच बाटली टेबलावर मांडली. रतिलालचा भाऊ समोर उभा होता. रक्त ढवळलं, फरशी हलवली, थांबले. काही झालं नाही. थेंब कसा गुळगुळीत तांबडा! लोकांनी माना डोलावल्या. डॉक्टरांनी आनंदाने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं: रेवजी पाटील, ओ.

सोनीबाईने बाटली ओळखली होती. गर्दी पांगल्यावर ती त्याच्याजवळ आली.

"दादा, हाई पाणी मरी जायेल शे."

"माले माहीत शे वं. पोरनं लगीन शे. नाव लिखेल ऱ्हाई, त्याले कोण बलावी?"

"अन् बलावं तं?"

"तव्हय मी सांगसू."

"पाणी मन्हं," सोनीबाई म्हणाली. "मन्हा पाणीवर खोटं नको बोलाडू, दादा." पण तीही मीनाला जन्मापासून ओळखत होती. तिनेच तिची नाळ कापली होती. ती गप्प राहिली.

एकाला जमलं ते दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीयेचे लग्नाचे दिवस, तोंडावर आली तसे आणखी आठ जण आले. कोणी पाया पडून, कोणी दम देऊन. खिडकीतली बाटली आठ वेळा टेबलावर आली. वहीत तेरा नावं झाली. डॉक्टर खूश! म्हणायचे, "पितांबर, आपलं गाव किती दानी निघालं बघ." आणि पितांबर हसायचा, आणि घरी जाऊन त्याला घास गिळवत नसे.

आता ती वही उघडली गेली होती. रेवजीचं घर रुळांपलीकडे. सुपडूला जायला-यायला वीस मिनिटं. पितांबर त्या वीस मिनिटांत मिठाच्या पाण्याची बाटली बदलत होता, सुया उकळत होता आणि मनात एकच घोकत होता: पाटील घरी नसावा. नंदुरबारला गेला असावा. मळ्यात असावा. सांगायचं म्हटलं तर नोकरी जाणार, दारात नऊ घरं काठ्या घेऊन येणार, मीनाचं लग्न मोडणार. आखाजीनंतर चौथ्या दिवसाचा मुहूर्त. आणि न सांगावं तर... तो सोनीबाईकडे पाहत नव्हता. तिच्या कपाळावरचा घाम मात्र दर दोन मिनिटांनी पुसत होता.

पाटील घरीच होता. नुसता घरी नव्हे, लग्नाच्या बोलण्यासाठी आलेला व्याही रतिलाल आणि त्याची चार माणसंही घरी होती. रेवजी मिरवतच आला. मागे व्याही, मागे अर्धी आळी. दाराखिडक्यांत माणूस मावेना. रेवजीने अंगरख्याची बाही कोपरावर चढवून ठेवली होती, आणि चेहरा असा फुललेला, की जणू त्याच्या फाटलेल्या रक्ताची गोष्ट तोही विसरून गेला होता. खोटं चार वेळा ऐकलं की सांगणाऱ्यालाही खरं वाटायला लागतं, त्यातला प्रकार.

"ल्या डॉक्टर, कितलं पाहिजे तितलं काढा," तो म्हणाला. "आम्हना घरनं शे."

डॉक्टरांनी रबराची नळी उचलली. "झोपा पाटील, त्या बाकावर."

सोनीबाईने डोळे उघडले. बाकावर कोण आहे ते तिने मान न हलवता पाहिलं. मग पितांबरला बोटांनी खूण केली. तो वाकला.

"हाऊ तोच ना?"

पितांबरने मान हलवली.

"तू सांगस, का मी सांगू?" ती म्हणाली.

आवाज इतका बारीक, की तिसऱ्याला ऐकू गेला नाही. त्यात राग नव्हता. राग करण्याएवढं तिच्यात काही उरलंही नव्हतं. पितांबर सरळ उभा राहिला.

"साहेब, एकदा जुळवून बघतो," तो म्हणाला.

"कशाला? वहीत आहे ना!"

"एकच मिनिट, साहेब."

माठात चारच दिवसांपूर्वीचं ताजं पाणी होतं, सोनीबाईचं. त्याने फरशीवर थेंब टाकला, रेवजीच्या बोटाला सुई टोचली, काडीने ढवळलं. फरशी हातात घेऊन तो उजेडाला उभा राहिला. एक, दोन, तीन, चार... आणि तांबडा थेंब डोळ्यांदेखत दाणेदार झाला. एकेक कण दुसऱ्याला जाऊन चिकटला. सोनीबाईच्या अंगातही असंच झालं असतं, शिरांतून, मूत्रपिंडांतून, काळजापर्यंत.

रेवजीने बाकावरून फरशी पाहिली. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. त्याने पितांबरचं मनगट पकडलं आणि दातांमधून म्हणाला, "भाऊ, मन्हा याही दारमा उभा शे."

पितांबरने एकदा दाराकडे पाहिलं. रतिलाल टाचा उंचावून आत डोकावत होता. मग पितांबर इतक्या मोठ्याने बोलला, की त्याचं त्यालाच दचकायला झालं.

"चालत नाही, साहेब! पाटलांचं रक्त बी आहे. मागच्या वेळी मी मेलेल्या पाण्यात तपासलं. मुद्दाम तपासलं. आणि वहीतली आणखी आठ नावंही तशीच आहेत."

 डॉक्टरांच्या हातातली नळी खाली लोंबली. "नऊ?" ते म्हणाले. "तेरांतली नऊ?"  मग एकदम ओरडले, "मग खरी चार कोणती ते बोल!"

"स्टेशनमास्तरांची बदली झाली. दोघं भाऊ लग्नाला सुरतेकडे गेले. चौथा देवीच्या साथीत गेला."

डॉक्टर दाराशी गेले. "ऐका! ज्याचं रक्त हिच्या पाण्यात फुटणार नाही असा कोणीही चालेल. इथे पन्नास माणसं आहात, निम्म्यांचं तरी जुळेल. या पुढे, बोट द्या!"

आणि मग जे झालं ते पितांबर मरेपर्यंत विसरला नाही. माणसं मागे सरली. पहिल्यांदा दारातली, मग खिडकीतली. ज्यांच्या बाह्या वर होत्या त्यांनी त्या खाली ओढल्या. कोणी तोंडाने नाही म्हणालं नाही. एकाला मळ्यात पाणी धरायचं होतं, दुसऱ्याची गाडी यायची होती. वहीतल्या नऊतले तिघे तिथेच होते, ते सगळ्यांत आधी गेले. चारचौघांत रक्त फाटलेलं कोणाला हवं होतं! रतिलाल आपली माणसं घेऊन निघाला. जाताना तो रेवजीकडे वळला आणि तसाच पुढे झाला. लग्न तिथेच मोडलं.

राहिले सुपडू आणि झाडलोट करणारी तुळशीबाई. दोघांनी स्वतःहून बोटं पुढे केली. सुपडूचं फाटलं. तुळशीबाईचं फाटलं. तुळशीबाई रडायलाच लागली. "मन्हा आंगमा काय पाप शे वं माय!" म्हणाली.

"पाप नाही ग बाई, गट आहे, गट!" डॉक्टर कळवळून ओरडले.

तेवढ्यात पितांबरला आठवलं. फाल्गुनात वाहरू नावाचा एक भिल्ल मजूर कुऱ्हाडीने बोट कापून घेऊन आला होता. सहज गंमत म्हणून त्याचंही रक्त फरशीवर घेतलं होतं, त्या वेळच्या ताज्या पाण्यात. दोन्हींत फुटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, की याला ना घर ना ठिकाण, यादीत कशाला? सध्या तो डोंगराच्या पायथ्याशी, जंगलखात्याच्या कुपात, म्हणजे तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकूड तोडत होता. दोन कोस.

"मी जास," कोणीतरी म्हणालं. रेवजी होता तो. बाकावरून उठून उभा राहिला होता. बाही अजून कोपरावरच होती, खाली घ्यायचं भान नव्हतं. "मन्हा बैल पळतस. मी लई येस त्याले." आणि फेटा बाकावरच टाकून तो धावत सुटला.

मग दीड-पावणेदोन तास. त्याबद्दल काय सांगायचं! डॉक्टर नाडी धरून बसले. पितांबर तिच्या पायांशी गरम विटा लावत होता. ऊन चढलं तशी दवाखान्याच्या पत्र्याची आग व्हायला लागली, आणि सोनीबाईला थंडी वाजत होती. मधेच ती शुद्धीवर आली.

"सांगी दिधं ना?" तिने विचारलं.

"सांगी दिधं," पितांबर म्हणाला. "पन उशीर व्हयना सोनीबाई. तू उनी तव्हयच सांगाले पाहिजे व्हतं."

 तिने त्याचा हात धरला आणि सोडला नाही. थोड्या वेळाने हातातली पकड आपोआप सैल झाली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ लावून ठेवली, मग कानांतून काढली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून त्यांनी वेळ लिहिली. पितांबरकडे ते एकदाही वळले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

रेवजीची गाडी आली ती त्यानंतर वीस मिनिटांनी. बैलांच्या तोंडाला फेस होता. गाडी थांबायच्या आधीच वाहरूने खाली उडी मारली. काळाभोर, काटक, लंगोटीवरचा माणूस, अंगावर लाकडाचा भुसा. रेवजीने वाटेत सगळं समजावलेलं असावं, कारण पायरीशी येतानाच त्याने डावा हात कोपरापासून उताणा करून पुढे धरला होता.

"ले भाऊ. बिगीन ले," तो पितांबरला म्हणाला.

पितांबर पायरीवर बसला होता. तो उठला नाही. "आते नको, वाहरू."

वाहरू गोंधळला. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं, पितांबरकडे पाहिलं. गावातल्या गोष्टी कुपापर्यंतही गेल्या असणार. त्याचा आवाज खाली गेला. "काबर? मन्हं बी फाटनं का?"

गाडीपाशी रेवजी समजून चुकला होता. त्याने बैलाच्या मानेवर डोकं टेकलं.

"नही रे बाबा," पितांबर म्हणाला, आणि मग त्याला हुंदका आवरला नाही. "तुन्हं फाटत नही. तू येळवर उना. मीच अर्धा तास गप बसनू. तो अर्धा तास तिले पाहिजे व्हता."

वाहरूचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला. ज्या बाईसाठी तो दोन कोस आला होता, तिला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. त्याने आत डोकावलं. डॉक्टर तिच्या अंगावर चादर ओढत होते.

"तिनं कोणी शे का आठे?" त्याने विचारलं.

"कोणी नही. मान्से डोंगरमा शेत, दोन दिनना वाटवर."

"मंग उचलाले कोण?"

पितांबरने डोळे पुसले. रस्ता रिकामा होता. समोरच्या घरांची दारं भर दुपारी लावलेली होती. "मी शे. डॉक्टर शेत," तो म्हणाला.

"मी शे," गाडीपासून रेवजी म्हणाला.

"तं चवथा मी," वाहरू म्हणाला. त्याने हात खाली घेतला, अंगावरचा भुसा झटकला आणि वाकून आत गेला.